वाढता लठ्ठपणा आणि सार्वजनिक आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लठ्ठपणाविषयी विचारणा करणाऱ्या पत्रांत एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक वेळी आढळते, ती म्हणजे विचारणारी व्यक्ती प्रश्नाच्या आधी माफी मागते. "चूक माझीच आहे, पण..." अशी पत्राची सुरुवात असते. दम्याविषयी किंवा मोतीबिंदूविषयी विचारताना असे कोणी लिहीत नाही. पुढील उत्तरे त्या माफीची काहीही गरज नाही हे गृहीत धरून लिहिली आहेत. वारंवार येणारे प्रश्न एकत्र करून त्यांना क्रमांक दिले आहेत. एकच मुद्दा दोन ठिकाणी येऊ नये म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लठ्ठपणा म्हणजे नेमके काय? वजन थोडे जास्त असणे आणि लठ्ठ असणे यात फरक कोणता?

आरोग्याला धोका पोहोचेल इतकी किंवा अशा प्रकारे शरीरात चरबी साठणे म्हणजे लठ्ठपणा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. व्याख्येचा भर वजनावर नसून चरबीवर आहे, हे लक्षात घेतले की पुढचे बरेच गोंधळ टळतात. चरबी मुळात वाईट नसते. ती ऊर्जेचा साठा करते, अवयवांना आधार देते आणि भूक, प्रजनन व प्रतिकारशक्ती यांच्याशी संबंधित संप्रेरकेही तयार करते. ती प्रमाणाबाहेर वाढली किंवा यकृत, स्वादुपिंड आणि पोटातील अवयवांभोवती साठू लागली की त्रास सुरू होतो. 'अतिवजन' ही त्याच्या अलीकडची पायरी होय. प्रौढांमध्ये या दोन पायऱ्या बीएमआयच्या, म्हणजे वजन आणि उंचीवरून काढलेल्या आकड्यावरून ठरवण्याची पद्धत आहे (प्रश्न २), आणि त्या आकड्याच्या मर्यादाही आहेत (प्रश्न १६).

२. बीएमआय कसा काढायचा? आणि आशियाई लोकांसाठी वेगळे आकडे का सांगितले जातात?

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. उंची १.६५ मीटर आणि वजन ७२ किलो असेल, तर १.६५ चा वर्ग सुमारे २.७२ येतो आणि ७२ भागिले २.७२ म्हणजे सुमारे २६.५. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीनुसार २५ पासून अतिवजन आणि ३० पासून लठ्ठपणा मानतात. वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे निरीक्षण बेल्जियन गणिती अडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले होते. ते 'सरासरी माणसा'चा अभ्यास करत होते. एखाद्याच्या आरोग्याचा निवाडा करण्यासाठी त्यांनी हे सूत्र शोधले नव्हते. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी रूढ केले.

वेगळ्या आकड्यांचे कारण एका छायाचित्रातून चांगले समजते. मधुमेहाचे भारतीय संशोधक चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे अगदी सामान्य होता; पण युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के होते, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. समान बीएमआय असताना दक्षिण आशियाई शरीरात स्नायू कमी आणि चरबी, विशेषतः पोटातील चरबी, जास्त असण्याची प्रवृत्ती दिसते, आणि त्यामुळे मधुमेहाचा धोकाही कमी वजनापासूनच सुरू होतो. म्हणून आशियाई लोकसमूहांसाठी २३ आणि २७.५ या पातळ्यांवरच सावध व्हावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये सुचवले. भारतीय तज्ज्ञांच्या शिफारशीत तर २५ पासूनच लठ्ठपणा धरला जातो. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह कसा झाला, या प्रश्नाचे उत्तर बहुधा इथेच सापडते.

३. घरी कंबर मोजायची असेल तर पट्टी कुठे धरायची?

पँटचा पट्टा जिथे असतो तिथे मोजणे ही नेहमीची चूक आहे. सरळ उभे राहावे, कुशीत बोटाने चाचपून सर्वांत खालची बरगडी शोधावी, मग त्याच रेषेत खाली नितंबाच्या हाडाची वरची कड शोधावी आणि या दोहोंच्या बरोबर मध्यावर पट्टी धरावी. ती चहूबाजूंनी जमिनीला समांतर असावी, त्वचेला टेकलेली पण रुतलेली नसावी. नेहमीसारखा श्वास सोडून झाल्यावर, पोट आत न ओढता आकडा वाचावा. आशियाई पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही सावधगिरीची मर्यादा मानतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांसाठी ती ९४ आहे, स्त्रियांसाठी ८०च. हे आकडे लक्षात ठेवायचे नसतील, तर कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी एवढा एक नियम पुरतो.

४. लठ्ठपणा खरोखरच वाढला आहे, की आता मोजमाप जास्त होते म्हणून तसे वाटते?

तो खरोखरच वाढला आहे. वेगवेगळ्या देशांत, प्रत्यक्ष वजन-उंची मोजून, दशकानुदशके झालेली सर्वेक्षणे एकाच दिशेने बोट दाखवतात. १९९० मध्ये जगातील प्रौढ स्त्रियांपैकी ८.८ टक्के आणि पुरुषांपैकी ४.८ टक्के लठ्ठ होते. २०२२ मध्ये हेच प्रमाण अनुक्रमे १८.५ आणि १४ टक्के झाले. पाच ते एकोणीस वर्षे वयोगटातील मुलींत ते १.७ वरून ६.९ टक्क्यांवर आणि मुलांत २.१ वरून ९.३ टक्क्यांवर गेले, म्हणजे चौपटीहून अधिक. एकूण संख्या शंभर कोटींच्या पुढे गेली आहे. जगातील दर आठ माणसांमागे एक. युनिसेफच्या २०२५ च्या अहवालानुसार शालेय वयातील लठ्ठ मुलांचे प्रमाण कमी वजनाच्या मुलांपेक्षा जास्त झाले, आणि असे पहिल्यांदाच घडले. काही पॅसिफिक बेटराष्ट्रांत निम्म्याहून अधिक प्रौढ लठ्ठ आहेत, तर जपान आणि व्हिएतनाममध्ये हे प्रमाण बरेच कमी आहे. या फरकाचा विचार पुढच्या उत्तरात येतो.

५. मग हे झाले कशामुळे? माणसे आळशी आणि खादाड झाली, एवढेच खरे नाही का?

हा सर्वाधिक येणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर ठामपणे 'नाही' असेच द्यावे लागते. तीस वर्षांत जगभरच्या कोट्यवधी लोकांची, त्यातही दुधाच्या दातांच्या मुलांची, इच्छाशक्ती एकदमच ढासळली असे मानायला कोणताही आधार नाही. माणसाची जनुकेही एवढ्या अल्प काळात बदलत नाहीत. बदलली ती भोवतालची परिस्थिती.

त्यातला सर्वांत मोठा वाटा अन्नव्यवस्थेचा आहे. साखर, शुद्ध केलेले पीठ आणि तेल यांपासून कारखान्यात तयार होणारे, टिकाऊ, मऊ, पटकन गिळता येणारे आणि जाहिरातीच्या बळावर विकले जाणारे पदार्थ स्वस्त झाले आणि हाताशी आले. ब्राझीलमधील संशोधक कार्लोस मोंतेइरो यांनी अशा पदार्थांसाठी 'अतिप्रक्रियायुक्त' हा वर्ग सुचवला. हे पदार्थ माणसाला जास्त खायला लावतात का, याची थेट परीक्षा अमेरिकेत केव्हिन हॉल यांच्या गटाने घेतली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वीस प्रौढांना रुग्णालयात ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधे शिजवलेले अन्न दिले गेले. ताटात वाढलेले उष्मांक, साखर, मीठ, स्निग्धांश आणि तंतू सारखे ठेवले होते आणि 'हवे तेवढे खा' अशी मुभा होती. पहिल्या प्रकारच्या अन्नावर तीच माणसे दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खाऊ लागली आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. दुसऱ्या अन्नावर ते तेवढेच उतरले. तीच माणसे, तीच इच्छाशक्ती. बदलले होते फक्त अन्न.

अन्नाखेरीज इतर कारणेही आहेत. कष्टाची कामे यंत्रांकडे गेली, प्रवास बसून होऊ लागला, शहरे पायी चालणाऱ्याचा विचार न करता वाढली. झोप कमी झाली. अपुऱ्या झोपेनंतर भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते आणि तृप्ती कळवणारे लेप्टिन हे संप्रेरक घटते. काही औषधांनी वजन वाढते (प्रश्न १७). गर्भावस्थेतील कुपोषणाचाही परिणाम होतो: १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पडलेल्या उपासमारीच्या काळात जे गर्भ सुरुवातीच्या महिन्यांत होते, त्यांच्यात पुढे मोठेपणी लठ्ठपणाचे प्रमाण अधिक आढळले.

६. आमच्या घराण्यातच सगळे जाड आहेत. हे आनुवंशिक असेल तर प्रयत्नांचा काय उपयोग?

जुळ्यांच्या अभ्यासांवरून एकाच परिस्थितीत राहणाऱ्या लोकांमधील वजनाच्या फरकाचा ४० ते ७० टक्के भाग आनुवंशिकतेने स्पष्ट होतो, म्हणजे आपले निरीक्षण चुकीचे नाही. यांतील बहुतेक जनुके, उदाहरणार्थ २००७ मध्ये सापडलेला एफटीओ जनुकाचा प्रकार, मेंदूमार्फत भूक आणि तृप्तीवर परिणाम करतात. एखाद्याला दोन घासांत समाधान मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, यामागे असा शारीरिक भेद असतो. मात्र जनुके कल ठरवतात, शेवट ठरवत नाहीत. आपल्या आजोबा-पणजोबांकडेही तीच जनुके होती आणि त्यांच्या पिढीत लठ्ठपणा क्वचितच दिसत असे. एकाच जनुकातील बिघाडामुळे येणारा तीव्र लठ्ठपणा दुर्मीळ आहे आणि तो बालपणीच्या पहिल्या काही वर्षांतच अनावर भुकेच्या रूपाने दिसू लागतो. अशा मुलाला तज्ज्ञाकडे नेणे आवश्यक असते.

७. लठ्ठपणा हा श्रीमंतांचा आजार आहे ना?

एके काळी होता. आता श्रीमंत देशांत तो गरीब वस्त्यांतच अधिक आढळतो, आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतही ओझे हळूहळू खालच्या उत्पन्नगटांकडे सरकत आहे. पोट भरणारे पण पोषण न देणारे अन्न सर्वांत स्वस्त असते, हे त्याचे सरळ कारण आहे. एकाच घरात खुंटलेल्या वाढीचे मूल आणि लठ्ठ आई असणे, किंवा एकाच व्यक्तीत लठ्ठपणा आणि रक्तक्षय एकत्र असणे, याला कुपोषणाचा दुहेरी भार म्हणतात. जाड माणूस म्हणजे खात्यापित्या घरचा, हा समज धरून आखलेल्या पोषण योजना या लोकांपर्यंत पोहोचतच नाहीत.

८. लठ्ठपणामुळे कोणकोणते आजार होतात आणि ते कसे होतात?

परिणाम साधारण तीन वाटांनी होतात.

पहिली वाट चयापचयाची आहे. त्वचेखालच्या चरबीची साठवणक्षमता संपली की जादा चरबी यकृतात, स्वादुपिंडात आणि स्नायूंत शिरते. तिथे ती इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन स्रवून काही वर्षे भरपाई करतो आणि तो थकला की रक्तशर्करा वाढते. हाच दुसऱ्या प्रकारचा मधुमेह. याच वाटेने उच्च रक्तदाब, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, हृदयविकार, पक्षाघात आणि मद्य न घेणाऱ्यांनाही होणारा मेदयुक्त यकृताचा विकार येतात.

दुसरी वाट निव्वळ भाराची आहे. झोपेत गळ्याभोवतीच्या चरबीने श्वसनमार्ग दबतो, श्वास काही सेकंद थांबतो, मोठ्या घोरण्याने पुन्हा सुरू होतो, आणि रात्रभर हे चालल्याने दिवसा डुलक्या येतात. बरोबर झोपणाऱ्याच्या हे आधी लक्षात येते, म्हणून त्याचे म्हणणे गंभीरपणे घ्यावे. गुडघ्याच्या झिजेचा हिशेबही बोलका आहे: एक किलो वजन उतरले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो.

तिसरी वाट संप्रेरकांची आणि दाहाची. जादा चरबी इस्ट्रोजेन तयार करते आणि शरीरात सौम्य पण कायमचा दाह टिकवून ठेवते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये तेरा प्रकारच्या कर्करोगांचा जादा चरबीशी संबंध पुरेशा पुराव्याने मान्य केला. त्यात गर्भाशयाच्या अस्तराचा, रजोनिवृत्तीनंतरचा स्तनाचा, मोठ्या आतड्याचा, यकृताचा आणि मूत्रपिंडाचा कर्करोग येतो. गर्भधारणेत अडचणी आणि गर्भावस्थेतील मधुमेहही याच गटात मोडतात.

या यादीत न बसणारा एक परिणाम आहे आणि तो सर्वांत कमी बोलला जातो: हिणवले जाण्याचा. वर्गात, लग्नाच्या बोलण्यांत, नोकरीच्या मुलाखतीत आणि दवाखान्यातही वजनावरून अपमान होतो. अशा अपमानाने वजन उतरत नाही. खाणे वाढते, व्यायाम टाळला जातो आणि डॉक्टरकडे जाणे लांबते.

९. वजन ही ज्याची त्याची खासगी बाब आहे. त्यात सार्वजनिक आरोग्याचा संबंध कुठे येतो?

संबंध संख्येमुळे येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये असंसर्गजन्य आजारांनी झालेल्या सुमारे ३७ लाख मृत्यूंना प्रमाणाबाहेरचा बीएमआय कारणीभूत होता. डायलिसिस, हृदयशस्त्रक्रिया, सांधे बदलणे यांची गरज वाढली की प्रत्येकाच्या रांगेची लांबी वाढते, सडपातळ माणसाच्याही. कोविडच्या साथीत लठ्ठ रुग्णांना अतिदक्षता विभागाची गरज अधिक लागली, तेव्हा संसर्गजन्य आणि असंसर्गजन्य आजारांमधली भिंत किती पातळ आहे हेही दिसून आले.

दुसरा मुद्दा ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी मांडलेला आहे. थोडा धोका असलेले लोक इतके जास्त असतात की एकूण आजारांपैकी बराच भाग त्यांच्यातूनच येतो. त्यामुळे सर्व समाजाची सरासरी किंचित खाली आणली, तर मोजक्या अतिधोक्याच्या रुग्णांवर उपचार करण्यापेक्षा अधिक लाभ होऊ शकतो. क्युबामध्ये हे नकळत घडले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत मदत थांबल्यावर अन्न आणि इंधन टंचाई आली. लोक कमी खाऊ लागले, पायी चालू लागले आणि सायकल चालवू लागले. लोकसंख्येचे वजन सरासरी सुमारे ५ किलोने उतरले, आणि त्यानंतर मधुमेह व हृदयविकाराने होणारे मृत्यू घटले. परिस्थिती सुधारल्यावर वजन परत वाढले आणि मधुमेहही परतला. कोणत्याही समाजावर तशी टंचाई येऊ नये, पण सरासरीतील लहान बदल किती दूरवर पोहोचतो ते या घटनेने मोजून दाखवले.

१०. मी तीनदा वजन कमी केले आणि तिन्ही वेळा ते परत वाढले. माझ्यातच काही कमी आहे का?

नाही. आपण एका अत्यंत सक्षम यंत्रणेशी झगडत आहात. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन शोधले, तेव्हा चरबी स्वतःच्या साठ्याची खबर मेंदूला देत असते हे स्पष्ट झाले. वजन उतरले की ही खबर क्षीण होते आणि मेंदू तिचा अर्थ दुष्काळ असा लावतो. मग भूक वाढवणारी संप्रेरके वाढतात, अन्नाचा वास आणि विचार अधिक खेचतात आणि विश्रांतीच्या अवस्थेत खर्च होणारी ऊर्जा अपेक्षेपेक्षाही खाली जाते. वजन कमी करण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील चौदा जणांची सहा वर्षांनी तपासणी केली, तेव्हा बहुतेकांचे वजन बऱ्याच अंशी परतले होते, आणि तरीही त्यांचे शरीर दिवसाला सुमारे ५०० उष्मांक अपेक्षेपेक्षा कमी खर्च करत होते. हे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

याचा व्यावहारिक अर्थ असा की लठ्ठपणा हा दीर्घकालीन, पुन्हा उलटणारा आजार आहे आणि रक्तदाबाप्रमाणेच त्याची देखभाल दीर्घकाळ करावी लागते. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर दाब वाढला तर आपण रुग्णाला दोष देत नाही. तीन आठवड्यांच्या कडक आहारापेक्षा तीन वर्षे चालवता येईल असा साधा बदल निवडावा, आणि वजन परत वाढू लागले तर दहा किलोंची वाट न पाहता दोन किलोंवरच मदत घ्यावी.

११. किती वजन कमी केले म्हणजे उपयोग होतो? माझे 'आदर्श वजन' तीस किलो दूर आहे.

आदर्श वजन बाजूला ठेवा. सध्याच्या वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली तरी रक्तदाब, रक्तशर्करा आणि यकृतातील चरबी यांत मोजता येईल असा फरक पडतो. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध अभ्यासात ७ टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम एवढेच उद्दिष्ट होते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांत नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन या मधुमेहावरील गोळीने ते ३१ टक्क्यांनी घटले होते. मधुमेह नुकताच झाला असेल तर मात्र मोठी घट अधिक उपयोगी ठरते: ब्रिटनमधील एका चाचणीत १५ किलो किंवा त्याहून अधिक वजन कमी केलेल्यांपैकी ८६ टक्के लोकांची रक्तशर्करा एका वर्षाने औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली आली होती. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असताना असा आहार स्वतःच्या मनाने सुरू करू नये. साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

१२. नुसत्या व्यायामाने वजन कमी होईल का?

थोडेच. शरीर वाढलेल्या हालचालीची भरपाई इतर खर्च कमी करून आणि भूक वाढवून करते. टांझानियातील हाद्झा हे शिकार आणि कंदमुळांवर जगणारे लोक दिवसभर चालतात, पण शरीराच्या आकाराचा हिशेब धरला तर त्यांचा एकूण ऊर्जाखर्च शहरी माणसाएवढाच आढळला. तरीही व्यायाम सोडू नये: तो उतरलेले वजन टिकवण्यास मदत करतो, स्नायू राखतो आणि वजनकाटा तसूभर न हलताही हृदयाचे रक्षण करतो. पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जात नाही.

१३. आमचा मुलगा सात वर्षांचा आहे. घरचे म्हणतात, बाळसे आहे, वाढत्या वयात उतरेल. वाट पाहावी का?

बाळसे पहिल्या वर्षापर्यंत शोभते. त्यानंतर मुलाचा बीएमआय उतरत जातो आणि साधारण पाच-सहा वर्षांच्या सुमारास पुन्हा चढू लागतो. हा चढ जितका लवकर, तितका पुढे लठ्ठपणाचा संभव जास्त. म्हणून सातव्या वर्षी वाट पाहण्यापेक्षा बालरोगतज्ज्ञांकडे वाढीच्या आलेखावर नोंद करून घ्यावी. मुलांना प्रौढांचे २५ आणि ३० हे आकडे लावू नयेत. वय आणि लिंगानुसार आलेख वेगळे असतात.

बहुतेक मुलांत वजन कमी करण्याची गरजही नसते. वजन आहे तिथे स्थिर राहिले आणि उंची वाढत गेली की प्रमाण आपोआप सुधारते. त्याच्यासाठी वेगळे ताट करू नका. संपूर्ण घराचे खाणे बदला, गोड पेये घरात आणणे थांबवा, त्याची झोप वाढवा आणि रोज तासभर तरी त्याला खेळू द्या. त्याच्या वजनावर त्याच्यासमोर चर्चा करू नका. पाहुण्यांसमोर एकदा काढलेला शब्द मूल वर्षानुवर्षे विसरत नाही, आणि अशा शब्दांतून चोरून खाणे सुरू झाल्याचे प्रौढांच्या पत्रांत फार वेळा वाचायला मिळते.

१४. वजन कमी करणाऱ्या नव्या इंजेक्शनांविषयी खूप ऐकतो. ती सुरक्षित आहेत का? कायम घ्यावी लागतात का?

ही औषधे जेवणानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाची नक्कल करतात. पोट सावकाश रिकामे होते आणि मेंदूला तृप्ती लवकर कळते. त्यांपैकी सेमाग्लुटाइड या औषधाच्या मुख्य चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्के घटले, तर औषध नसलेले इंजेक्शन टोचलेल्या गटात २.४ टक्के. दोन संप्रेरकांची नक्कल करणाऱ्या टिर्झेपॅटाइडच्या मोठ्या मात्रेने ही घट २० टक्क्यांच्या पुढे गेली. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता हे त्रास सामान्य आहेत. स्वादुपिंडाचा दाह आणि पित्ताशयातील खडे कमी आढळतात, पण गंभीर असतात. गर्भावस्थेत ही औषधे घेत नाहीत.

इंजेक्शन थांबवल्यावर एका वर्षात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले, याचे कारण प्रश्न १० मध्ये आहे. म्हणून ती सुरू करतानाच दीर्घकाळ चालवण्याचा विचार करावा लागतो. लग्नाआधी चार किलो उतरवण्यासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ती घेणे धोक्याचे आहे. वजनाच्या औषधांचा इतिहासही सावध करणारा आहे: फेनफ्लुरामाइन १९९७ मध्ये हृदयाच्या झडपांच्या विकारामुळे, तर सिबुट्रामाइन २०१० मध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे अनेक देशांतून मागे घेतले गेले. शस्त्रक्रियेचे परिणाम अधिक टिकाऊ असतात आणि स्वीडनमधील दीर्घ अभ्यासात तिने मृत्यूंचे प्रमाणही घटवले. पण तिच्यानंतर लोह, बी-१२ आणि इतर जीवनसत्त्वे जन्मभर तपासत राहावी लागतात.

१५. गोड पेयांवर कर लावून किंवा वेष्टनावर इशारे छापून खरेच काही होते का?

होते, पण एका उपायाने सगळे होत नाही. मेक्सिकोने जानेवारी २०१४ पासून गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला. खरेदी पहिल्या वर्षी सुमारे ५.५ टक्के आणि दुसऱ्या वर्षी ९.७ टक्के घटली. ब्रिटनने २०१८ मध्ये कर साखरेच्या प्रमाणाशी जोडला, तेव्हा ग्राहकाने सवय बदलण्याआधी कंपन्यांनीच पेयांतील साखर कमी केली, आणि आमच्या मते हीच अधिक शहाणपणाची रचना आहे. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, संतृप्त मेद किंवा उष्मांक जास्त असलेल्या वेष्टनांवर काळे अष्टकोनी इशारे सक्तीचे केले आणि अशा पदार्थांची शाळेतील विक्री व मुलांना उद्देशून जाहिरात बंद केली. डेन्मार्कचा मेदावरील कर मात्र २०११ मध्ये आला आणि जेमतेम सव्वा वर्षात रद्द झाला.

इशारा का हवा, ते एखादी बाटली हातात घेऊन पाहावे. मागच्या बारीक अक्षरांत 'दर १०० मिलीलिटरला साखर १०.६ ग्रॅम' असे लिहिलेले असते. बाटली अर्ध्या लिटरची असते; म्हणजे ५३ ग्रॅम, सुमारे तेरा चहाचे चमचे. दिवसाला २००० उष्मांक घेणाऱ्या प्रौढासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली कमाल मर्यादा ५० ग्रॅम आहे आणि २५ ग्रॅम अधिक चांगले. एका बाटलीत दिवसाचा हिशेब संपतो, आणि तो कळण्यासाठी ग्राहकाला गुणाकार करावा लागतो.

१६. माझा बीएमआय ३१ आहे, पण सगळ्या तपासण्या सामान्य आहेत. तरीही मी आजारी आहे का?

आज कदाचित नसाल. जानेवारी २०२५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ आयोगाने सुचवले की केवळ बीएमआयवरून निदान करू नये. चरबी जास्त आहे याची खात्री कंबरेच्या किंवा चरबीच्या थेट मोजमापाने करावी आणि अवयवांवर परिणाम झाला असेल तरच त्याला आजार म्हणावे. परिणाम नसेल ती आजारपूर्व अवस्था. पीळदार स्नायूंच्या खेळाडूचा बीएमआय चरबी कमी असूनही ३० च्या वर जातो. पण आजारपूर्व अवस्थेतील अनेकांच्या तपासण्या पुढील वर्षांत बिघडतात, म्हणून दरवर्षी रक्तदाब, रक्तशर्करा, मेद आणि यकृताची तपासणी करून घ्यावी आणि वजन निदान वाढू देऊ नये.

१७. वजन थायरॉइडमुळे किंवा औषधांमुळे वाढले असेल तर?

थायरॉइडच्या कमतरतेने सहसा काही किलोच वाढतात आणि त्यातही पाणी व क्षार बरेच असतात. वीस किलोंचा दोष त्या ग्रंथीवर टाकता येत नाही. औषधांचा वाटा मात्र खरा असतो. स्टिरॉइड, इन्सुलिन, सल्फोनिल्युरिया गटातील मधुमेहाच्या गोळ्या, मानसिक आजारांवरचे ओलान्झापिन आणि अपस्मारावरचे व्हॅल्प्रोएट यांनी वजन वाढते. ही औषधे परस्पर बंद करू नयेत. पर्याय आहे का, एवढे डॉक्टरांना विचारावे.

१८. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, वजन जास्त आहे आणि गुडघे दुखतात. तिने आहार कमी करावा का?

सावधपणे. या वयात स्नायू आधीच कमी होत असतात आणि नुसता आहार तोडला तर चरबीबरोबर तेही जातात. मग माणूस हलका होतो, पण खुर्चीतून उठू शकत नाही आणि पडतो. पुरेशी प्रथिने आणि ताकदीचे व्यायाम यांच्या जोडीनेच वजन उतरवावे. प्रयत्न न करता वजन उतरू लागले तर कोणत्याही वयात ते चांगले लक्षण समजू नये आणि लगेच तपासणी करावी.

१९. कोणत्याही तक्रारीसाठी गेलो तरी डॉक्टर 'आधी वजन कमी करा' एवढेच सांगतात. काय करावे?

ही तक्रार खरी आहे आणि तिच्यामुळे निदाने चुकतात. 'हीच तक्रार सडपातळ रुग्णाने सांगितली असती, तर कोणत्या तपासण्या केल्या असत्या?' असे शांतपणे विचारावे. वजनाचा सल्ला आणि तक्रारीचा शोध दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. दंडाला बांधायच्या रक्तदाबाच्या पट्ट्याकडेही लक्ष ठेवावे. आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के भागाभोवती यायला हवी. भरलेल्या दंडावर नेहमीचा लहान पट्टा कसाबसा ओढून लावला तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, आणि नसलेल्या रक्तदाबाची गोळी सुरू होते. पट्टा चिकटताना ताणला जात असेल किंवा फुगवताना सुटत असेल, तर मोठा पट्टा मागावा आणि मोजणी नव्याने करून घ्यावी.